सकाळी आंबट, संध्याकाळी मचूळ

सोलापूर, ५ मे

प्रिय मन्या,

तुझ्या वहिनीने फोनवर माझी चुगली केली म्हणे, की हा हल्ली पहाटे उठून गॅलरीतली पानं चघळतो. खरं आहे ते. पानं पानफुटीची. आठवीत आपण वहीत दाबून ठेवायचो आणि कडेच्या खाचांतून बारकी रोपं डोकवायची, तीच.

पहाटे साडेपाचला नखाएवढा तुकडा चावला, तर चुक्यासारखा आंबट. दात आंबले! संध्याकाळी त्याच पानाचा दुसरा तुकडा मचूळ, मागाहून जरासा कडवट. म्हटलं, जीभच गेली कामातून. पण १८१३ साली बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञानेही हिंदुस्थानातल्या आपल्या बागेतल्या पानफुटीबद्दल लॅम्बर्ट या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाला पत्राने हेच कळवलं होतं. तेव्हा पान चघळून पत्र लिहिणारा मी काही पहिला नव्हे.

गंमत अशी, की कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर पानाची रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, उघडावी लागतात, आणि उघडली की पाणी उडतं. आपल्या इथल्या उन्हात ते कसं परवडणार? म्हणून ही बया दिवसा दारं लावून बसते आणि रात्री उघडते. रात्री ऊन नाही, तर साखर होत नाही. मग आलेला वायू मॅलिक आम्लात बांधून पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे तिच्या कोठीत, साठवते. सफरचंदाला आंबटपणा देणारं आम्ल तेच. उजाडलं की दारं बंद, आम्ल कोठीबाहेर. ते फुटून सुटलेला वायू आतल्या आत हरितलवकाला, म्हणजे पेशीतल्या साखर बनवणाऱ्या हिरव्या कणाला, मिळतो. संध्याकाळपर्यंत कोठी रिकामी, म्हणून पान मचूळ.

हरितलवकात भाकऱ्यांच्या चवडीसारखे पापुद्रे असतात, हरितद्रव्य त्यांतच. उन्हाच्या जोरावर तिथे पाणी फुटतं, ऑक्सिजन मोकळा होतो आणि एटीपी, एनएडीपीएच ही ऊर्जा वाहून नेणारी द्रव्यं तयार होतात. त्यांच्या बळावर चवडीभोवतीच्या रसात वायूची साखर बनते. ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून निघतो, असं मी परीक्षेत ठोकून दिलं होतं, आठवतं? तो पाण्यातून येतो, हे रुबेन आणि केमन या शास्त्रज्ञांनी जड ऑक्सिजन (ऑक्सिजनचाच जास्त वजनाचा प्रकार) वापरून १९४१ मध्येच दाखवलं होतं. माझा एक मार्क रीतसर गेला.

पाकिटात एक पान घातलंय. पोचेपर्यंत त्याला कोंब आले असतील, मातीवर नुसतं टेकवून ठेव. मोठं झालं की पहाटे चाखून बघ, पण नखाएवढंच. मुतखड्यावर औषध म्हणून मूठभर खाऊ नकोस, तुझा भरवसा नाही.

तुझा,
बंड्या