किलोमीटर मोजायचे ठरले होते, ठिकाणं नव्हे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मोटार विमा विभाग,
विभागीय कार्यालय, पुणे

दि. १२ जानेवारी २०२६

विषय : ‘पे ॲज यू ड्राइव्ह’ ॲड-ऑनच्या नावाखाली गोळा केलेली माहिती, तिचा वापर आणि चुकीचे मोजलेले किलोमीटर

महोदय,

मी सहा वर्षं आपली ग्राहक आहे. सहा वर्षांत एकही क्लेम नाही, नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर पोचलेला. पॉलिसीचा आणि गाडीचा नंबर जोडलेल्या झेरॉक्सवर आहे. या पत्राची प्रत सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार असल्यानं इथे मुद्दाम लिहीत नाही.

गेल्या जुलैत पॉलिसी रिन्यू करताना आपल्या एजंटनं हे ॲड-ऑन, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडायचं जादा कलम, सुचवलं. विमा नियामकानं जुलै २०२२ मध्ये त्याला परवानगी दिली, गाडी कमी चालवणाऱ्यानं हप्ता कमी भरायचा, इतका साधा हिशेब. माझी गाडी वर्षाला जेमतेम पाच हजार किलोमीटर चालते, म्हणून ७,५०० चा स्लॅब घेतला. “मॅडम, ॲप फक्त किलोमीटर मोजणार,” हे एजंटचे शब्द. मी ॲप टाकलं आणि जे जे विचारलं त्याला ‘अलाउ’ दाबत गेले. ती माझी चूक, मान्य. अटींमध्ये मराठीची एक ओळ नव्हती, तीही नोंद घ्यावी.

डिसेंबरअखेर ॲपनं कळवलं की ५,१२० किलोमीटर झाले, स्लॅब लवकरच संपेल, टॉप-अप घ्या. मी खाली जाऊन गाडीचा ओडोमीटर पाहिला. जुलैत २८,३१० होता, आता ३०,७६४. म्हणजे २,४५४ किलोमीटर. उरलेले २,६६६ कुणी चालवले?

एक रविवार घालवून शोध लावला. ॲप गाडीवर नाही, माझ्या फोनवर नजर ठेवून आहे. मी रोज औंधच्या ऑफिसला पीएमपीनं जाते, ती बस माझ्या खात्यात. दिवाळीत एसटीनं कोल्हापूरला जाऊन आले, ते ४६० किलोमीटरही माझेच. त्या चार दिवसांत माझी गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती आणि त्यावर शेजारच्यांची मांजर झोपत होती. गंमत म्हणजे ॲप मला ‘ड्रायव्हिंग स्कोअर’ही देतं : १०० पैकी ५८. ‘अचानक ब्रेक’ या रकान्यातले बहुतेक ब्रेक पीएमपीच्या चालकांनी मारलेले आहेत. ते चालवतात कसे हा वेगळा विषय, पण त्यांचे गुण माझ्या प्रगतिपुस्तकात नकोत.

इथवर असतं तर फोनवरच मिटवलं असतं. पुढचं मात्र लेखीच द्यायला हवं.

माझ्या सासूबाईंचं डायलिसिस चालू आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहिली पाळी. पहाटे पावणेपाचला त्यांना गाडीत बसवायचं, मागच्या सीटवर उशी, पायांवर शाल, आणि दांडेकर पुलावरून कर्वे रोड. ॲप या फेरीला ‘रात्रीचा प्रवास’ म्हणून स्कोअर कापतं. एका फेरीत ‘अचानक ब्रेक – १’ दिसतो, तो खराच माझा. पुलाजवळ कुत्रं आडवं आलं होतं. ब्रेक मारला नसता तर स्कोअर शाबूत राहिला असता, असं दिसतं.

नोव्हेंबरात आपल्या कॉल सेंटरमधून एका मुलीचा फोन आला. बोलणं अदबीचं. “मॅडम, घरात कुणाला किडनीचा वगैरे त्रास आहे का? आमच्याकडे गंभीर आजारांचा चांगला प्लॅन आहे.” मी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? ती म्हणाली, “सिस्टमवर सजेशन येतं मॅडम.” आमच्या घरातल्या आजारपणाबद्दल आपल्या कंपनीला मी कधी एक शब्द सांगितलेला नाही. आरोग्य विमाही आपल्याकडे नाही. मग ॲपमधलं ‘नेहमीची ठिकाणं’ हे पान उघडलं. घर. ऑफिस. आणि तिसरं ठिकाण, नकाशावर डायलिसिस सेंटरच्या नावासकट : ‘आठवड्यातून ३ वेळा, सरासरी ४ तास २० मिनिटं’. किडनीच्या डॉक्टरला एवढ्यावरूनच सगळं कळेल. तुमच्या सिस्टमलाही कळलेलं दिसतं.

माझा आक्षेप एवढाच आहे. मी किलोमीटर मोजायची परवानगी दिली. त्यासाठी ओडोमीटरचा फोटो पुरतो, मी कुठे जाते आणि किती वेळ थांबते हे लागत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ६ मध्ये याचंच उदाहरण दिलं आहे : फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपनं संपर्कांची यादी मागितली आणि ते वापरणाऱ्या बाईंनी हो म्हटलं, तरी सल्ल्यासाठी यादीची गरज नसल्यानं ती संमती सल्ल्यापुरतीच धरायची. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली, हे मला ठाऊक आहे. ‘कायदा अजून लागू नाही’ हे उत्तर कृपया पाठवू नये. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्येच सांगून ठेवलं आहे.

सरकारी नजरेबद्दल ही तक्रार नाही. एक्सप्रेसवेवरचे कॅमेरे उघड्यावर आहेत, चलन आलं तर फोटोसकट येतं, भरता येतं, भांडताही येतं. पण सरकारकडची माहितीही सरकारकडेच राहते असं नाही. वाहन नोंदणी आणि लायसन्सचा साठा कंपन्यांना देऊन ६५ कोटी रुपये मिळाल्याचं रस्ते वाहतूक मंत्र्यांनीच २०१९ मध्ये संसदेत सांगितलं होतं. ते धोरण जून २०२० मध्ये रद्द झालं, दिलेला साठा परत आल्याचं मात्र मी कुठे वाचलं नाही. दर जुलैत पाच अनोळखी माणसं “तुमच्या गाडीचा इन्शुरन्स संपतोय” म्हणून फोन करतात, गाडीच्या मॉडेलसकट. तुमच्या अटींमधल्या अकराव्या कलमात माहिती ‘भागीदार संस्था आणि शासकीय यंत्रणां’ना देता येईल असं लिहिलंय. भागीदार कोण, त्यांची नावं नाहीत. अमेरिकेत जनरल मोटर्सनं चालकांची अशीच माहिती गोळा करून विकली, ती विमा कंपन्यांपर्यंत गेली आणि तिथल्या व्यापार आयोगाला जानेवारी २०२५ मध्ये कारवाई करावी लागली. तेव्हा ही भीती माझ्याच डोक्यातून आलेली नाही.

तेव्हा जुलैपासून माझ्याबद्दल काय काय साठवलं, ते कुणाकुणाला दिलं आणि कोणत्या तारखेला, हे मला लेखी कळवावं. ठिकाणांची नोंद पुसून तसं पत्र द्यावं. स्कोअर रद्द करावा आणि पुढच्या हप्त्याशी त्याचा संबंध जोडू नये. किलोमीटर ओडोमीटरवरून धरावेत, टॉप-अपची मागणी मागे घ्यावी. त्या फोन करणाऱ्या मुलीला मात्र काही बोलू नये, तिनं समोर आलेलं वाचलं एवढंच.

महिन्याभरात समाधानकारक उत्तर न आल्यास विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर आणि पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन.

ॲप आज सकाळी काढून टाकलं. ओडोमीटरचा आजचा फोटो सोबत आहे, ३०,८७८. उद्या मंगळवार आहे, पहाटे साधारण चौदा किलोमीटर वाढतील.

आपली विश्वासू,
पॉलिसीधारक, सहकारनगर, पुणे