वापरलेल्या पाठ्यपुस्तकांच्या चुकीच्या वर्णनाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : वर्णनाशी न जुळणारी वापरलेली पाठ्यपुस्तके पाठवल्याबद्दल तक्रार व परताव्याची मागणी

महोदय,

मी विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी असून, चालू सत्रासाठी आपल्या संकेतस्थळावरून तीन वापरलेली पाठ्यपुस्तके मागवली होती. त्यांपैकी दोन पुस्तके आपण दिलेल्या वर्णनाशी जुळत नाहीत. आपल्या मदत केंद्राला दोनदा कळवूनही ‘जुन्या पुस्तकांत असे चालायचेच’ एवढेच उत्तर मिळाल्यामुळे हे पत्र लिहावे लागत आहे.

पुस्तके जुनी आहेत ही माझी तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट करते. तिसरे पुस्तक जीवशास्त्राचे होते. त्याची मागची आवृत्ती मी शिक्षकांना विचारून आणि दोन्ही आवृत्त्यांच्या अनुक्रमणिका ताडून पाहून जाणीवपूर्वक निवडली होती. त्याचे मुखपृष्ठ विटलेले आहे आणि पानोपानी पेन्सिलीच्या खुणा आहेत. पण आपण तसे लिहिले होते, आणि खरे सांगायचे तर आधीच्या मालकाने समासात केलेल्या काही नोंदी मूळ मजकुरापेक्षा सोप्या आहेत.

सांख्यिकीच्या पुस्तकाची गोष्ट मात्र वेगळी आहे. आपल्या पानावर चौथी आवृत्ती आणि तिचा १३ अंकी आयएसबीएन (पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीला मिळणारा ओळख क्रमांक) दिलेला होता, आणि तो आमच्या अभ्यासक्रमाच्या यादीतील क्रमांकाशी जुळतो याची खात्री करूनच मी पैसे भरले. आलेली प्रत दुसऱ्या आवृत्तीची आहे व तिच्यावर केवळ १० अंकी क्रमांक छापलेला आहे. आयएसबीएन २००७ पासून १३ अंकी झाला, त्यामुळे पाठवणाऱ्याने पुस्तकाची मागची बाजू एकदा पाहिली असती तरी ही प्रत बरीच जुनी असल्याचे त्याच्या ध्यानात आले असते. ‘आतला मजकूर साधारण सारखाच असतो’ असे मला सांगण्यात आले. विवेचन पुष्कळसे सारखे आहे हे मी मान्य करते, परंतु दर आठवड्याला सोडवायची उदाहरणे प्रकरणाच्या शेवटी असतात आणि आवृत्ती बदलताना नेमके त्यांचेच क्रमांक व आकडे बदललेले आहेत. परिणामी प्रत्येक वेळी मैत्रिणीच्या प्रतीवरून उदाहरणे उतरवून घ्यावी लागतात.

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पुस्तकाचे वर्णन ‘उत्तम स्थिती, ऑनलाइन स्वाध्यायाच्या कोडसह’ असे होते. कोडचे कार्ड पुस्तकात आहे, पण त्यावरचा थर आधीच खरवडलेला असून कोड पूर्वी वापरला गेल्याचा संदेश येतो. असा कोड एकाच खात्यावर एकदाच चालतो, ही गोष्ट वापरलेली पाठ्यपुस्तके विकणे हाच व्यवसाय असलेल्या कंपनीला ठाऊक नसेल, असे मानणे कठीण आहे. शिवाय पृष्ठ १९२ नंतर थेट २०९ येते, म्हणजे १६ पानांचा अख्खा फर्मा (एकत्र छापून दुमडलेला पानांचा संच) बांधणीतून निखळून गेला आहे. ‘उत्तम स्थिती’ ठरवताना कोणी पाने चाळली होती काय?

वापरलेली पुस्तके घेण्यामागे माझा हेतू पैसे वाचवण्याचा होता, हे उघड आहे. प्रत्यक्षात रसायनशास्त्राचा कोड प्रकाशकाकडून स्वतंत्रपणे विकत घ्यावा लागला, आणि तो खर्च, आपण घेतलेली किंमत व टपालखर्च यांची बेरीज कोडसह मिळणाऱ्या नव्या पुस्तकाच्या किमतीपेक्षा जास्त झाली. सत्र संपल्यावर पुस्तक पुढे विकून थोडे पैसे परत मिळवावेत, हा बेतही फसला, कारण सोळा पाने नसलेले पुस्तक मी तरी कोणाच्या गळ्यात मारणार नाही.

माझ्या मते चुकीचे मूळ आपल्या विक्रीपद्धतीत आहे. पानावर दिसणारे छायाचित्र हे प्रकाशकाचे नव्या मुखपृष्ठाचे असते, प्रत्यक्ष विकल्या जाणाऱ्या प्रतीचे नसते, आणि एकाच नोंदीखाली निरनिराळ्या आवृत्त्या विक्रीस ठेवल्या जातात. परत करण्याची मुदत पुस्तक पाठवल्याच्या दिवसापासून मोजली जाते, त्यामुळे पार्सल उशिरा पोहोचले की मुदत वाटेतच संपते. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले आणि याच कारणावरून परतावा नाकारण्यात आला.

तरी दोन्ही पुस्तकांची पूर्ण किंमत टपालखर्चासह परत करावी, पुस्तके परत नेण्याची व्यवस्था आपल्या खर्चाने करावी आणि वेगळ्या घ्याव्या लागलेल्या कोडची भरपाई द्यावी, अशी मागणी आहे. तसेच यापुढे प्रत्येक नोंदीत हातात असलेल्या प्रतीवरचा आयएसबीएन, तिचे स्वतःचे छायाचित्र आणि कोड वापरलेला आहे की नाही याचा स्पष्ट उल्लेख असावा. मागणीची पावती, दोन्ही प्रतींची छायाचित्रे आणि मदत केंद्राची उत्तरे सोबत जोडली आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास मला ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागावी लागेल.

आपली विश्वासू,
एक ग्राहक

सोबत : वर उल्लेखिलेली कागदपत्रे