‘टू’पुढे ‘मीटिंग’ बरोबरच आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी शेजारची मुलगी तिची इंग्रजीची उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आली. दहावीत आहे, मराठी माध्यमात शिकते, यंदा एसएसएलसीला बसणार. पत्रलेखनात तिनं गोव्याच्या मावशीला लिहिलेल्या पत्राचा शेवट ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ असा केला होता. ‘मीटिंग’वर लाल रेघ मारून वर ‘मीट’ लिहिलेलं आणि समासात शेरा : ‘टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं. गुण कापलेला. मुलगी म्हणाली, “आज्जी, तुम्हीच तर असं सांगितलं होतं.”

मी सांगितलं होतं आणि ते बरोबरच आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण हा शेरा मी खानापूर तालुक्यात आणि बेळगाव शहरात कितीतरी वह्यांवर पाहिला आहे. शिवाय 1989 साली नोकरीला लागल्यावर पहिली काही वर्षं मीही मुलांना हेच पाठ करायला लावत होते. ‘टू’ आला की पुढं मूळ रूप. त्या मुलांपैकी आज कुणी बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला आहे, कुणी पुण्याला. त्यांच्या अर्जांच्या शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ असं दिसलं की मला वाईट वाटतं. तिथं ‘हिअरिंग’ हवं.

इंग्रजीत दोन ‘टू’ आहेत. ‘आय वॉन्ट टू गो’ मधला ‘टू’ क्रियापदाचा सोबती आहे, त्याच्यापुढं मूळ रूपच येणार. ‘लुक फॉरवर्ड टू’ मधला ‘टू’ शब्दयोगी अव्यय आहे, आणि त्याच्यापुढं नाम लागतं. क्रियापद आणायचं असेल तर त्याचं नाम करून आणावं लागतं, म्हणजे ‘मीटिंग’, ‘हिअरिंग’. कुठला ‘टू’ कुठला हे ओळखायला मी मुलांना ‘दिवाळी’ हा शब्द पुढं घालून बघायला सांगत असे. ‘आय लुक फॉरवर्ड टू दिवाळी’ जमतं. ‘आय वॉन्ट टू दिवाळी’ जमत नाही. दिवाळी बसली की ‘आयएनजी’ लावायचं. आणि आपली मराठी काय म्हणते बघा : दिवाळीची वाट बघते, तुमच्या येण्याची वाट बघते. ‘येणे’चं नाम केल्याशिवाय आपल्यालाही तो ‘ची’ लावता येत नाही. सहा वर्षांचं पोरसुद्धा ‘तू येतेची वाट बघते’ असं म्हणत नाही. म्हणजे नियम मुलांच्या तोंडात आधीच आहे. आपण तो तिथून उचलत नाही, वेगळी यादी करून पाठ करायला देतो, आणि माझी तक्रार याच गोष्टीची आहे.

गाईडमध्ये तक्ता असतो. डाव्या रकान्यात ‘गिव्ह अप’, ‘कीप ऑन’, ‘पुट ऑफ’, ‘कॅरी ऑन’, आणि त्यांच्यापुढं ‘आयएनजी’. उजव्या रकान्यात ‘सेट आऊट’, ‘टर्न आऊट’, आणि त्यांच्यापुढं ‘टू’. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायचा आणि पेपर झाला की विसरायचा.

मला वाट दाखवली ती जांबोटीकडून चालत येणाऱ्या एका मुलानं. ‘ही गेव्ह अप च्युइंग टोबॅको’ याचा अर्थ विचारल्यावर तो उठून म्हणाला, “तंबाखू खाऊन सोडली.” सगळा वर्ग म्हणाला, “खायची सोडली!” मी दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली. आमच्या सीमाभागात ‘खाऊन सोडली’ म्हणजे खाऊन संपवली, ‘खाऊन टाकली’सारखंच. ‘खायची सोडली’ म्हणजे व्यसन सुटलं. शब्द तेच, ‘खाणे’ आणि ‘सोडणे’. पुढच्या ‘सोडणे’ला मागच्या क्रियापदाचं कुठलं रूप दिलं यावर अर्थ उलटला. वर्गातल्या कानडी येणाऱ्या मुली लगेच म्हणाल्या, बाई, आमच्यातही आहे की! ‘तिंदु बिट्टा’ म्हणजे खाऊन टाकलं, ‘तिन्नोदु बिट्टा’ म्हणजे खायचं सोडलं. कानडीतही ‘बिडु’ म्हणजे सोड. त्या दिवशी मराठी, कानडी आणि इंग्रजी एकाच फळ्यावर होत्या आणि तिन्हींचा हिशेब जुळत होता.

त्यानंतर मी तक्ता बाजूला ठेवला. ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’ मधला ‘अप’ म्हणजे वर नव्हे, तो आपल्या ‘खाऊन टाक’, ‘पिऊन टाक’ मधला ‘टाक’ आहे. आपल्या ‘टाक’नं जसं काही फेकायचं नसतं, तसं त्यांच्या ‘अप’नं काही वर न्यायचं नसतं. ‘कीप ऑन टॉकिंग’ म्हणजे बोलत राहणं. आपल्या ‘राहणे’ला मागं ‘त’ लागतो, त्यांच्या ‘कीप ऑन’ला पुढं ‘आयएनजी’. ‘सेट आऊट टू’ म्हणजे ‘करायला निघणे’. आणि ‘एंड अप’ म्हणजे आपलं ‘करून बसणे’. यावर मी एकच वाक्य देत असे : ही सेट आऊट टू बिल्ड अ हाऊस अँड एंडेड अप सेलिंग द फील्ड. घर बांधायला निघाला आणि शेत विकून बसला. गावातली मुलं होती, असं झालेलं घर प्रत्येकाला माहीत होतं. त्या वाक्यातली रूपं कुणी चुकल्याचं मला आठवत नाही.

‘गो ऑन’वर मात्र मी दोन तास घालवत असे, कारण तिथं दोन्ही रूपं चालतात आणि अर्थ बदलतो. ग्रामसभेत पंचायत अध्यक्ष ‘वेंट ऑन टॉकिंग अबाऊट द रोड’ म्हणजे रस्त्यावरच बोलत राहिले. ‘वेंट ऑन टू टॉक अबाऊट द रोड’ म्हणजे आधी पाण्याचं वगैरे बोलून झालं, मग रस्त्याचं काढलं. तक्त्यातला कुठलाही रकाना हा फरक सांगत नाही. मराठीत सांगितला की एका वाक्यात कळतो.

सगळीकडे मराठी जुळते असं मी म्हणत नाही. आपण ‘शिवायला घेतलं’ म्हणतो, पण म्हणून ‘टेक अप’पुढं ‘टू’ येतो असं नाही. ‘शी टूक अप सुइंग’ असंच म्हणावं लागतं. अशा जागा वेगळ्या सांगाव्या लागतात, पण त्या थोड्या आहेत आणि थोड्या असल्यानं लक्षात राहतात.

इंग्रजीच्या तासाला मराठी बोलू नये, असा आग्रह आता गावातल्या शाळांतही धरला जातो. आपल्याकडे भाषेचा प्रश्न निघाला की पाट्यांवर, नावांवर, कचेरीतल्या कागदांवर वाद होतात. ते होऊ देत, त्यांना कारणं आहेत. पण मराठी मुलाला इंग्रजी शिकताना त्याची मराठी कामाला येते, हे सांगायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. कानडी मुलाला तशीच त्याची कानडी कामाला येते.

आपल्याला एक विनंती आहे. परीक्षेआधी आपण विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शनाचं पान काढता. त्यात इंग्रजीचा तक्ता छापण्याऐवजी आठवड्याला एकेक असं क्रियापद घ्यावं, दोन इंग्रजी वाक्यं आणि समोर बोलीतली मराठी वाक्यं. वाक्यं मी विनामूल्य लिहून देईन. तीस वर्षांच्या वह्या माझ्याकडे आहेत.

त्या मुलीला मी उत्तरपत्रिका घेऊन बाईंकडे जायला सांगितलं आहे, भांडायला नव्हे, दिवाळी घालून दाखवायला. काल संध्याकाळी ती पुन्हा आली आणि ‘पुट ऑफ’ची वाक्यं करत माझ्या पायरीवर बसली. एक वाक्य तिनं घरातलंच लिहिलं होतं : माय फादर केप्ट पुटिंग ऑफ गोइंग टू द डॉक्टर. खाली मराठी : बाबा दवाखान्यात जाणं पुढं ढकलत राहिले. ‘जाणं’खाली आणि ‘गोइंग’खाली तिनं एकाच रंगाची रेघ ओढली होती, ‘ढकलत’ आणि ‘पुटिंग’खाली दुसऱ्या. रंग मी सांगितले नव्हते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
खानापूर, जि. बेळगाव