यंदा आखाजीला येणं होणार नाही

ती. आई आणि नाना यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर दोनदा सांगायला घेतलं आणि दोन्ही वेळा केळीच्या भावावरच बोलून ठेवला. म्हणून लिहिते. नाना, तुम्ही आईला मोठ्याने वाचून दाखवाल, तेव्हा थोडं अवघडेल. पण लपवून केलं असं मागाहून कळण्यापेक्षा हे बरं.

मी स्त्रीबीज दान करते आहे. ज्या बाईच्या स्वतःच्या बीजातून मूल होत नाही, तिच्यासाठी. आज पाचवं इंजेक्शन झालं. अजून पाच-सहा होतील, मग दवाखान्यात भूल देऊन बीजं काढतील. वीस मिनिटांचं काम, टाके नाहीत, संध्याकाळी घरी. आधी विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असता तर मला तुमचा शब्द मोडवला नसता. यांना सगळं ठाऊक आहे, रोजचं इंजेक्शन तेच देतात.

आई, तू पहिलं विचारशील की माझ्यातलं काही कमी होईल का. नाही गं. बाईच्या पोटात जन्मापासूनच लाखांनी बीजं असतात. दर महिन्याला काही वाढायला लागतात, त्यातलं एकच पिकतं, बाकीची आपोआप विरून जातात. इंजेक्शनं त्या विरणाऱ्यांनाच वाढवतात. पोट जरा फुगतं, जड वाटतं. क्वचित एखादीला जास्त त्रास होतो, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि मीही तुमच्यापासून लपवत नाही. म्हणून तर दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी करतात. २०२१ च्या कायद्याने हे आयुष्यात एकदाच करता येतं, सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत, आणि माझा वर्षभराचा विमा बीज घेणाऱ्या जोडप्याला उतरवावा लागतो. बीज विकणं गुन्हा आहे. मी पैशासाठी करत नाही, हे नाना तुम्हाला वेगळं सांगायला नको.

बाळ कुणाकडे जाईल ते मला कळणार नाही. कायद्याने ते त्यांचंच. आपलं रक्त परक्या घरी, असं तुमच्या मनात येईल. नाना, गारपिटीत बाग झोपली त्या वर्षी तुम्ही खालच्या आळीत केळीचे कंद फुकट दिले होते. त्यांच्या घडावर कधी हक्क सांगितलात का?

खरं कारण काकू आहे. आपल्या धाकट्या दादाच्या बारशाला मी सात वर्षांची होते. गोविंद घ्या, गोपाळ घ्या चाललं होतं आणि काकूने बाळ घ्यायला हात पुढे केले. अंगावरची कुंची तिनेच शिवलेली. आजी म्हणाली, तू नको. ते हात क्षणभर तसेच राहिले, मग तिने पाळण्याची दोरी सरळ केली. दोरी सरळच होती. आई, तू मान खाली घातलीस. सासूपुढे तू तरी काय बोलणार होतीस? मी तुला बोल लावत नाही, कधीच लावला नाही. पण चिऊ झाली तेव्हा दवाखान्यात पहिल्यांदा मला तेच हात आठवले. मला मूल इतक्या सहज झालं.

माझी काळजी करू नका. ताप नाही, झोप लागते. हे सकाळी मूग उकडून देतात, मी नारळपाणी पिते. तू करतेस तशी कळण्याची भाकरी मात्र इथे कुणालाच जमत नाही. रात्री पोट जड झालं की तू हिंग चोळायचीस ना बेंबीवर, तसं कुणीतरी चोळावं वाटतं. एवढी मोठी झाले तरी.

चिऊ येईल दादासोबत. झोका निंबालाच बांधा, पण दोर नवा आणा, मागचा उसवला होता. नाना, दुपारी शेतात जायचं नाही. पारा पंचेचाळीसला गेला तरी तुम्ही कुणाचं ऐकत नाही, पण या वेळी ऐका. प्रेशरच्या गोळ्या रात्री जेवणानंतर, डबीत वारांप्रमाणे भरून ठेवल्यात. कुलरची मोटर दादा आल्यावर बदलेल, तोवर ओट्यावर झोपा. आई, बिबडे एकटीने गच्चीवर टाकायला जाऊ नकोस, गुडघा पुन्हा सुजेल.

राग आला तर दोन दिवस बोलू नका, पण तिसऱ्या दिवशी फोन करा. मी वाट पाहीन.

काकूला तुम्ही काही सांगू नका. बरी झाले की मी येऊन तिच्याजवळ बसून सांगेन. आखाजीच्या सांजोऱ्या केल्यास की तिच्या डब्यात चार जास्त घाल, माझ्या वाटच्या.

तुमची,
माई