निर्दोष सुटल्यानंतरच्या नोंदींचा अभ्यास व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खटल्यातून निर्दोष सुटलेल्या माणसाला आपल्या नावावरची गुन्ह्याची नोंद पुसून घेताना काय सोसावे लागते, याचा पद्धतशीर अभ्यास पुण्यात झाला पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. शिवाजीनगर न्यायालयात काम करताना अशी माणसे मी जवळून पाहिली. चाकणला कंत्राटी कामासाठी गेलेला एक तरुण निकालाची प्रमाणित नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत घालून सतत जवळ बाळगत असे. मारामारीच्या खटल्यातून तो सुटला होता; तरीही चारित्र्य पडताळणीत गुन्ह्याचा क्रमांक दिसताच, पुढचा निकाल न वाचताच त्याचा अर्ज बाजूला ठेवला गेला.

कायदा याबाबत अगदीच गप्प नाही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम २४ नुसार, अतिगंभीर गुन्ह्यांचे अपवाद वगळता, मुलांच्या दोषसिद्धीच्या नोंदी अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करायच्या असतात. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यान्वये बोटांचे ठसे, छायाचित्रे ७५ वर्षे जपली जातात. पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती निर्दोष सुटली, तर सर्व कायदेशीर मार्ग संपल्यावर, न्यायालयाने वेगळा आदेश न दिल्यास, तिचे ठसे व छायाचित्रे नष्ट करावी लागतात. पण ती नष्ट करून घेण्याचा अर्ज कोणाकडे करायचा, हे सुटणाऱ्याला कोण सांगते? प्रौढांची नोंद सरसकट पुसणारा कायदा तर आपल्याकडे नाहीच. गुन्हाच रद्द करून घ्यायचा तर मुंबईला उच्च न्यायालयात जावे लागते आणि तो खर्च रोजंदारीवरच्या माणसाच्या आवाक्याबाहेरचा असतो.

म्हणून आपल्या विद्यापीठाच्या विधी विभागाने आणि शहरातील विधी महाविद्यालयांनी कलमांच्या पलीकडे जाऊन या माणसांनाच विचारावे: दाखल्याचा अर्ज भरताना 'आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे का' या रकान्यापाशी हात का थांबला, चौकीत कोणत्या भाषेत उत्तर मिळाले, घरच्यांना काय सांगितले. पारधी वस्त्यांतील अनुभव तर आवर्जून नोंदवावेत; ब्रिटिशांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी त्या संशयाचे ओझे या समाजाच्या डोक्यावरून उतरलेले नाही.

अभ्यासकांना एक विनंती. मुलाखतीआधीच नाव गुप्त ठेवण्याची लेखी हमी द्यावी आणि मुलाखत घरी घेऊ नये, कारण अनेकांनी ही गोष्ट शेजाऱ्यांपासूनच नव्हे, तर सासरच्या मंडळींपासूनही लपवलेली असते.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, कसबा पेठ, पुणे