फेब्रुवारीत तुम्ही इकडे या

काणकोण, गोवा

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, काल फोनवर तू दोनदा विचारलंस की एकटीने एवढं काय बघत फिरतेस. रेंज सारखी जात होती, नीट सांगता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी शाळेत असताना आपण गोव्याला आलो होतो, आठवतं? मंगेशी झाली, शांतादुर्गा झाली आणि बस परत फिरली. पणजीच्या पुलावर तू खिडकीतून बघत विचारलं होतंस, हाच का समुद्र? बाबा म्हणाले, नाही, ही मांडवी. समुद्र राहिलाच. तुला एकदा त्याच्यासमोर पोटभर बसवायचं, हे तेव्हापासून माझ्या मनात आहे. पण आता बाबांचे गुडघे आहेत, तुला चढावर दम लागतो. कुणाच्या तरी सांगण्यावरून तुम्हाला कुठेही न्यायचं मला पटेना. म्हणून आधी मीच सगळीकडे जाऊन आले. गाडी कुठवर जाते, पायऱ्या किती उंच आहेत, सावली कुठे आहे, हे बघत फिरले. सोबत कुणी असतं तर इतकं रेंगाळता आलं नसतं.

सुरुवात बेटांपासून केली. बाबा, मांडवीच्या पात्रात दिवाडी आणि चोडण अशी दोन मोठी बेटं आहेत. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडीला फेरीबोट जाते. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, आणि पलीकडे पोहोचायला काही मिनिटं पुरतात. बोटीवर दोन गृहस्थ गावच्या जत्रेत बसवलेल्या नाटकाबद्दल बोलत होते, चक्क मराठीत. जत्रेला मराठी नाटक करायची इथल्या गावांची हौस अजून टिकून आहे, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

दिवाडीच्या मधोमध टेकडी आहे आणि टेकडीवर पिएदादचं चर्च. वर अंगणापर्यंत गाडी जाते, त्यामुळे बाबांना एकही चढ चढावा लागणार नाही. तिथून मांडवीचं वळण, पलीकडे जुन्या गोव्यातल्या चर्चचे मनोरे आणि खाली चहूकडे भातशेती दिसते. शेजारच्या दफनभूमीतल्या छोट्या चॅपेलचं कोरीव छत कदंबांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या कितीतरी आधी इथे राज्य करणाऱ्या राजघराण्याच्या, काळातलं आहे. मान वर करून मी किती तरी वेळ ते बघत होते. कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर याच बेटावर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडलं. भक्तांनी लिंग नदीपलीकडे डिचोली महालात नेलं, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ नव्याने बांधायला लावलं. दिवाडीहून दुसऱ्या फेरीने नार्व्याला उतरलं की जवळच ते आहे. कौलारू मंडप, वर घुमट, समोर दीपमाळ. आई, तुला तिथे सकाळी न्यायचं ठरवलंय. मी गेले तेव्हा गाभाऱ्यात पुजारी सोडून कुणी नव्हतं आणि हात जोडून उभी असताना तुझीच आठवण झाली.

बाबा, आता तुमच्यासाठी. उभा जन्म तुम्ही पाटबंधाऱ्यात काढलात, तर चोडणला गेल्यावर तुम्ही खारफुटी आणि पक्षी बाजूला ठेवून आधी बांध बघायला लागाल. (पक्षीही बघा. बेटाच्या टोकाला डॉ. सालिम अली यांच्या नावाचं अभयारण्य आहे.) या बेटांवरची खाजन जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. नदीत समुद्राचं खारं पाणी चढतं, ते शेतात शिरू नये म्हणून मातीचे लांबच लांब बांध घातलेत आणि बांधात जागोजागी दारं ठेवलीत. त्या दारांना इथे मानस म्हणतात. दार लाकडी, एकाच बाजूला उघडणारं. भरती आली की बाहेरच्या पाण्याचा दाब त्याला लोटून बंद करतो. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते, मग आतलं जादा पाणी दार ढकलून निघून जातं. मोटर नाही, चाक फिरवायला माणूस नाही, दिवसातून दोनदा हे आपसूक चालतं. पावसात आत कोरगुट नावाचं खारं पाणी सोसणारं भात घेतात, आणि ओहोटीला मानसीच्या तोंडाशी जाळं लावून मासळी धरतात. पूर्वी गावकरीच मिळून बांधांची डागडुजी करत. हल्ली काही ठिकाणी बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलंय, तिथे शेताची नुसती दलदल झाली आहे. ते बघून फार वाईट वाटलं. तुमच्याबरोबर त्या बांधावर उभं राहून मला खूप काही विचारायचंय. तिथली वाट सपाट आहे.

नंतर रेल्वेने दक्षिणेला आले. काणकोणचे किनारे शांत आहेत. पाळोळ्याची वाळू चंद्रकोरीसारखी वळते, आणि तिच्या उत्तर टोकाला झाडीने भरलेलं एक छोटं बेट आहे. ओहोटीला तिथे चालत जाता येतं. वेळ मी बाबांच्या हिशेबाने काढली: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास. पौर्णिमा उलटून प्रतिपदा लागली होती, म्हणजे भरती रात्री साडेबारा-पाऊणच्या सुमारास आणि ओहोटी सहा तासांनी, सकाळी सात वाजता. खात्री म्हणून खोलीच्या मालकीणबाईंना विचारलं, त्यांनीही तीच वेळ सांगितली. गुडघाभर पाण्यातून, खडकांवर बेताने पाय ठेवत पलीकडे गेले. बेटाच्या पुढच्या कातळावर बसलं की समोर फक्त समुद्र. मागे किनाऱ्यावर होड्या वाळूवर ओढायला चार-पाच जण लागले होते, त्यांचा आवाज तेवढा येत होता. पाणी चढायच्या आत परत फिरले. इथे मात्र तुम्हाला नेणार नाही, खडक निसरडे आहेत. पाळोळ्याच्या वाळूवर खुर्ची टाकून बसलात की तेच बेट समोर दिसतं.

खोला गावचा रामाचा किल्ला, काबो द राम, अर्धाच दाखवीन. वनवासात राम-सीता इथे राहिली होती असं लोक सांगतात. 1763 मध्ये सोंध्याच्या राजाकडून तो पोर्तुगीजांकडे गेला आणि पुढे बरीच वर्षं तिथे तुरुंग होता. दारातून आतल्या चॅपेलपर्यंत हळूहळू जाता येईल. पलीकडच्या बुरुजांकडे खाचखळगे आहेत आणि कड्याला सगळीकडे कठडा नाही. तिकडे मी जाऊन आले आहे, तुम्ही जायचं नाही.

आई, तुझी जागा मी गालजीबागेला ठरवली आहे. सुरूच्या झाडांची सावली अगदी वाळूपर्यंत येते आणि गर्दी जवळजवळ नाही. थंडीच्या दिवसांत तिथे रात्री समुद्री कासवं अंडी घालायला येतात. वनखात्याची माणसं घरट्याभोवती जाळी लावून राखण करतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. वाळू गरम असली तर माद्या जास्त, थंड असली तर नर जास्त, हे मला नव्यानेच कळलं. फेब्रुवारीत आलात तर जाळ्या नक्की दिसतील, पिल्लं दिसली तर तुमचं भाग्य. पाण्यात मात्र पाऊल भिजेल एवढंच जायचं. लाल बावटा असला तर तेवढंही नाही. मीही तेच पाळते, तेव्हा माझी काळजी करू नकोस. अंधार पडायच्या आत खोलीवर येते आणि कुठे जाणार ते मालकीणबाईंना सांगून निघते.

जेवणाचं म्हणशील तर मालकीणबाईंनी परवा खतखतं केलं होतं. भरपूर भाज्या, ओलं खोबरं आणि तिरफळं घातलेली. तुला आवडेल. त्या कोकणीत बोलतात, मी मराठीत, आणि दोघींना सगळं कळतं. खोली तळमजल्यावर आहे, संडास कमोडचा आहे, दाराला एकच पायरी आहे. मी मोजून ठेवलंय सगळं.

संक्रांतीनंतर उन्हं तापायच्या आत यायचं. मिरजेहून मडगावपर्यंत रेल्वे, तिथून मी गाडी घेऊन येते. बाबा, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाल तेव्हा सात-आठ तासांचा रेल्वेप्रवास चालेल का, ते विचारा आणि त्याच दिवशी कळवा. खालचे दोन बर्थ मिळायचे तर तिकिटं लवकर काढायला हवीत.

तुमची लेक