पलीकडच्या दारच्या काकूंना

काकू,

समोर असताना मी तुम्हाला नावानेच हाक मारते, इथली, इंग्लंडातली रीतच आहे ती. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला तीन वर्षं झाली तरी जीभ रेटत नाही. म्हणून मराठीत काकू. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, मी वाचेन आणि लेक तिच्या यॉर्कशरी, म्हणजे या भागातल्या, इंग्रजीत तुम्हाला सांगेल. निम्मं गाळेल, ते सोडा. इंग्रजीत लिहिलं नाही, कारण बसमधून उतरताना ड्रायव्हरला, दार धरून ठेवणाऱ्या अनोळखी माणसाला, दुकानात पावती घेताना दिवसभर थँक्यू म्हणून म्हणून तो शब्द माझ्यापुरता पार गुळगुळीत झालाय.

आपली ओळख कचऱ्यावरून झाली. लीड्समध्ये येऊन दोन आठवडे झाले होते. बिन म्हणजे कचऱ्याचा डबा. एका आठवड्याला काळी बिन, एका आठवड्याला हिरवी, आणि मी काळीच्या आठवड्यात हिरवी बाहेर काढली. सकाळी सात वाजता तुम्ही ड्रेसिंग गाऊनवर, पायात सपाता, आमची बिन ओढत परत आणत होतात. मी ओशाळून सॉरी सॉरी करत धावले. तुम्ही म्हणालात, ‘चुकलीस तू एकटी नाहीस, लव्ह. अख्खी गल्ली माझी बिन बघून आपापली बाहेर काढते, आणि मी बघते कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याची. तो चुकला की सगळे चुकतो.’ मग पाच मिनिटं कचरा, पाऊस आणि फुटपाथवर चढवलेल्या गाड्या यांच्या नावाने तुम्ही यथेच्छ बोटं मोडलीत. मी नुसती ऐकत होते. त्या पाच मिनिटांत मला फार बरं वाटलं. का, ते कळायला वेळ लागला.

त्याचं असं आहे, की परदेशी आलेल्या माणसाला कुरकुर करायची सोय नसते. आई साताऱ्याहून विचारायची, ‘थंडी फार आहे का गं?’ मी घरात कोट घालून सांगायचे, ‘छे, हीटर असतो की.’ रडगाणं गायलं तर तिचा जीव टांगणीला, आणि नातेवाईक म्हणणार, एवढं होतं तर गेलीस कशाला? ऑफिसात तर विचारूच नका. तिथे ‘यू ऑलराइट?’ विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातात. पहिल्या दिवशी मी खरंच थांबून, झोप झाली नाही म्हणून सांगायला लागले होते.

मग 2022 चा डिसेंबर. पारा शून्याखाली जाऊन बसला होता, दुपारी पावणेचारला अंधार, नवरा कामाला बाहेरगावी, आणि घर तापवणारा गॅसचा बॉयलर गुडगुड आवाज करून बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, परवा येतो. मी लेकीला तीन स्वेटर घालून तुमच्या दारात उभी राहिले. तुम्ही आमच्या मागच्या अंगणात गेलात, भिंतीतून बाहेर आलेली पांढरी प्लॅस्टिकची नळी दाखवलीत आणि म्हणालात, ‘ही बघ, गोठली.’ हे बॉयलर धुरातली उष्णतासुद्धा पिळून घेतात, त्यातून पाणी सुटतं, ते त्या बारक्या नळीने बाहेर जातं. नळी गोठली की पाणी आत तुंबतं आणि बॉयलर संप करतो. तुम्ही किटलीतलं पाणी उकळल्यावर थोडं निवू दिलंत, कढत पाण्याने नळी तडकते म्हणून, आणि मग हळूहळू ओतलंत. दुसरीकडे गरम पाण्याची रबरी पिशवी बांधलीत, अगदी दुखऱ्या गुडघ्याला बांधावी तशी. तिसऱ्या किटलीला आतून बर्फ सुटल्याचा आवाज आला. बटण दाबलं, ज्योत पेटली. पूर्ण वेळ तुमचं चालूच होतं, की 2005 मध्ये नियम बदलून सगळ्यांच्या गळ्यात हे नवे बॉयलर मारले, आमचा जुना गॅस खायचा पण कधी गोठला नाही. मला आजीचा तांब्याचा बंब आठवला. धूर व्हायचा, पण रुसायचा नाही. मी तुम्हाला बंब म्हणजे काय ते सांगितलं आणि आपण दोघी मिळून नव्या जमान्याला नावं ठेवत चहा प्यायलो. इथे येऊन मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाले, की मला या थंडीचा वैताग आलाय. तुम्ही म्हणालात, ‘मग? कोणाला नाही आला?’

शाळेचंही तुम्हीच. आपल्याकडे जूनमध्ये शाळा, म्हणून मी निवांत. कुंपणावरून तुम्ही सहज विचारलंत, अर्ज भरलास ना? सप्टेंबरच्या प्रवेशासाठी 15 जानेवारी ही शेवटची तारीख, आणि त्या दिवशी होती 12! 16 एप्रिलला जवळची शाळा मिळाल्याचं कळलं, तेव्हा तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडलात.

‘टी’ला बोलावलंत तेव्हा मी घरी वरण-भात झाकून आले होते, चहा-बिस्किटं असतील म्हणून. तुमच्याकडे संध्याकाळचं जेवण म्हणजे टी, हे ताटात मासे, चिप्स आणि बीन्स आल्यावर कळलं. दोन्ही घरचं जेवलो.

आणि उवा. शाळेतून चिठ्ठी आली तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं, वाटलं आता सगळे आपल्याकडेच बोट दाखवणार. तुम्ही हसत सुटलात. तुमच्या मुलांना दर सप्टेंबरला व्हायच्या म्हणे. केसांना कंडिशनर चोपडून विंचरायचं तुम्ही सांगितलंत, फणी मात्र माझी निघाली, तुळशीबागेतली लाकडी. लिखा पकडण्यात इथल्या कंगव्यांपेक्षा ती सरस आहे असा निकाल तुम्ही दिलात आणि नातीसाठी एक मागून घेतलीत. आईला हे फोनवर सांगितलं. उवांचंही सांगितलं, आणि मग थंडीचं, अंधाराचंही. ती घाबरली नाही. तिने पुढच्या पार्सलात सहा फण्या पाठवल्या, त्यातल्या दोन तुमच्या आहेत.

तुमच्या कमरेचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. उद्या बिनचा दिवस आहे आणि रात्री बर्फ पडणार आहे. तुमची बिन मी काढते, तुम्ही बाहेर येऊ नका. फक्त काळी की हिरवी, ते खिडकीतून खूण करून सांगा. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्यावर माझा भरवसा नाही.